जुन्या माझदा मियाटात डिजिटल प्लेअर बसवला आणि रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी येते: दोष कुठे असतो, कसा काढायचा

लक्षण नेहमी एकच असतं. चावी अ‍ॅक्सेसरीवर, इंजिन बंद, गाणं स्वच्छ. इंजिन सुरू केलं की गाण्यामागे बारीक ‘सूंऽऽ’ लागतं. रेस दिली की सूर चढतो, सोडली की उतरतो. मग लोक प्लेअरच्या पिवळ्या सप्लाय वायरवर नॉइज फिल्टर लावतात, महागडी आरसीए केबल (प्लेअरमधून अँप्लिफायरकडे गाणं नेणारी) टाकतात, कधी प्लेअरच बदलतात. दोन-तीन आठवडे शांततेत जातात आणि एका पावसानंतर शिट्टी परत येते.

ती परत येते, कारण दोष प्लेअरमध्ये नसतो. गाडीच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याच्या वाटेत असतो, आणि या गाडीच्या अर्थिंगची रचना इतर गाड्यांपेक्षा वेगळी आहे. ती एकदा समजली की निम्मं काम झालं.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी, १९८९ ते १९९७, हेडलाइट उघडझाप होणारी. अमेरिकेत मियाटा, जपानमध्ये युनोस रोडस्टर. भारतात ही गाडी कंपनीने कधी विकली नाही. आपल्याकडे माझदा हे नाव स्वराज माझदाच्या टेम्पो आणि मिनीबसवरच वाचलेलं. पण परदेशात राहणाऱ्या ज्या मराठी माणसांनी हौसेने ही दोन सीटची गाडी घेतली आहे आणि जे स्वतः पाना हातात घेतात, त्यांना पुढचं सगळं कामाचं आहे.

बॅटरी डिकीत आहे, हे आधी लक्षात घ्या

मियाटात बॅटरी बोनेटखाली नाही, डिकीत उजव्या कोपऱ्यात आहे. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र, मात्र पुढे, इंजिनला. पॉझिटिव्हसाठी लांबलचक जाड केबल पुढून मागे येते. निगेटिव्हचा परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा.

अल्टरनेटर जो करंट देतो तो सपाट नसतो, त्यावर लहरी असतात. या लहरी शोषून घ्यायचं काम बॅटरी करते. म्हणजे लहरी डिकीपर्यंत जातात आणि पत्र्यातून परत पुढे येतात. इंजिन ते बॉडीचा जोड, बॉडीचा पत्रा आणि बॉडी ते बॅटरीचा जोड मिळून चांगल्या अवस्थेत दोन मिलिओहम रोध धरा. लहरींचा भाग पाच अँपिअर असेल तर गाडीच्या पुढच्या आणि मागच्या पत्र्यात १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. एखादा जोड गंजून रोध वीस मिलिओहमवर गेला की तोच फरक १०० मिलिव्होल्ट होतो.

आता प्लेअर डॅशबोर्डात आहे आणि अँप्लिफायर डिकीत. प्लेअरचा आरसीए आउटपुट जास्तीत जास्त दोन व्होल्ट. गाण्यातला हळू भाग त्याच्या ४० डेसिबल खाली धरला तर तो २० मिलिव्होल्ट भरतो. पुढच्या आणि मागच्या अर्थमधला १० मिलिव्होल्टचा फरक त्याच आरसीए केबलच्या जाळीतून वाहू लागला तर अँप्लिफायरला गाणं कुठलं आणि लहर कुठली हे कळायला मार्गच नसतो. तो दोन्ही मोठं करतो.

सूर शिट्टीचाच का, याचंही उत्तर आकड्यात आहे. गाड्यांचे बहुतेक अल्टरनेटर बारा पोलचे, थ्री-फेज असतात. एका फेऱ्यात ३६ लहरी. पुली साधारण दुप्पट वेगाने फिरवते. इंजिन ३००० आरपीएमवर असताना अल्टरनेटर ६०००, म्हणजे सेकंदाला १०० फेरे. १०० गुणिले ३६, म्हणजे ३६०० हर्ट्झ. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो याच पट्ट्यात. म्हणून दहा मिलिव्होल्टही डोक्यात जातात.

आवाज नीट ऐका, कारण प्रत्येक आवाजाचं घर वेगळं

रेसबरोबर चढणारी बारीक शिट्टी असेल तर अर्थ लूप, म्हणजे सिस्टिमला दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ मिळून तयार झालेलं वेटोळं. हा लेख मुख्यतः त्यावर आहे.

रेसबरोबर चढणारी, पण जाड, घुंईऽऽ अशी आणि त्याच वेळी हेडलाइट किंचित थरथरत असतील तर अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेलेला असू शकतो. डायोड गेला की ३६ च्या जागी सहाच्या पटीतली लहर मोठी होते; ३००० आरपीएमला ती ६०० हर्ट्झच्या आसपास येते, म्हणून सूर खालचा.

तडतड किंवा भर्र असा तुटक आवाज असेल तर तो इग्निशनचा. चार सिलिंडरच्या या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणगीचे क्षण येतात. ८५० च्या आयडलिंगला सेकंदाला सुमारे २८. जुन्या प्लग वायर आणि रेझिस्टर नसलेले प्लग बघा. प्लेअरकडे जाऊच नका.

इंजिन बंद असतानाही खरखर असेल तर स्पीकरचा कोन फाटला आहे किंवा कनेक्टर सैल आहे.

पान्याला हात लावण्याआधीच्या चार चाचण्या

इंजिन सुरू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, दोन हजार आरपीएम. दुसरं माणूस अ‍ॅक्सिलरेटरवर बसवा.

१. आवाज शून्यावर आणा. शिट्टी तितकीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढे शिरते आहे, म्हणजे आरसीए, अँप्लिफायर किंवा अर्थ. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाली तर ती सोर्समधून येते आहे.

२. सोर्स बदला. यूएसबी, ब्लूटूथ, एफएम, ऑक्स (फोनची हेडफोनसारखी केबल लावायचं गोल भोक). फक्त ऑक्सवर आणि तेही फोन चार्जिंगला असतानाच शिट्टी येत असेल तर चार्जर काढून बघा. लगेच गेली तर खाली फोनचा वेगळा भाग आहे, तिकडे जा. डॅशबोर्ड उघडायची गरज नाही.

३. प्लेअरच्या मागची अँटेनाची पिन उपसा. ही चाचणी बहुतेक लोक करत नाहीत आणि मियाटात ती सगळ्यात बोलकी आहे. अँटेना मागच्या उजव्या मडगार्डवर, म्हणजे बॅटरीच्या शेजारी आहे. तिच्या केबलची जाळी मागच्या पत्र्याला लागलेली असते आणि दुसरं टोक प्लेअरच्या बॉडीला. म्हणजे तुम्ही प्लेअरला पुढे कितीही सुंदर अर्थ दिला, तरी दुसरा अर्थ अँटेनाच्या वाटेने मागून आलेलाच असतो. पिन उपसल्यावर शिट्टी गेली किंवा निम्मी झाली, तर लूप सिद्ध झाला.

४. इंजिन बंद करून, सगळं बंद असताना आरसीए अँप्लिफायरच्या बाजूने काढा आणि पुन्हा सुरू करा. शिट्टी राहिली तर अँप्लिफायरचा स्वतःचा अर्थ किंवा सप्लाय खराब आहे. गेली तर दोष प्लेअर ते अँप्लिफायर या टप्प्यात.

चौथ्या चाचणीत ‘सगळं बंद असताना’ हे शब्द उगाच नाहीत. चालू सिस्टिममध्ये आरसीए काढ-घाल केली की काही प्लेअरमध्ये आरसीएच्या अर्थवरचा तांदळाएवढा फ्यूज उडतो. मग शिट्टी अशी जबरदस्त येते की आधीची बरी वाटावी. तपासायला प्लेअर सुटा करा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक आरसीएच्या बाहेरच्या कडीला, दुसरं प्लेअरच्या धातूच्या बॉडीला. एक ओहमच्या आत आलं तर ठीक. दहा-वीस किंवा त्याहून जास्त ओहम दाखवले तर फ्यूज गेला. आरसीएच्या कडीला उघडी तार गुंडाळून ती प्लेअरच्या बॉडीच्या स्क्रूखाली दाबली तर प्लेअर वापरता येतो, पण ही तात्पुरती सोय आहे. मूळ लूप तसाच ठेवून ही तार लावली तर पुढचं जळणारं काहीतरी जास्त महाग असेल.

मोजमाप: याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका

मल्टिमीटर आणि चार मीटर लांब एकेरी वायर लागेल, कारण बॅटरी मागे आणि प्लेअर पुढे आहे.

काळं टोक लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर लावा, क्लॅम्पवर नको. लाल टोक प्लेअरच्या बॉडीवर. मीटर डीसी व्होल्टवर. इंजिन दोन हजारांवर, दिवे चालू, गाणं चालू. ०.०५ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ उत्तम. ०.१ च्या वर गेला तर कुठेतरी जोड खाल्लेला आहे.

मग लाल टोक सरकवत जा: डॅशबोर्डामागच्या उघड्या पत्र्यावर, डिकीतल्या उघड्या पत्र्यावर, बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर. जिथे आकडा उडी मारतो तो जोड दोषी. शेवटी इंजिनच्या ब्लॉकवर लावून बघा. तिथे आकडा मोठा आला आणि बॉडीवर लहान, तर इंजिन ते बॉडीची पट्टी गेली.

अल्टरनेटरची परीक्षाही याच वेळी घ्या. बॅटरीवर डीसी १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. मीटर एसीवर घेऊन लहर बघा: ०.०५ व्होल्टच्या आत चांगली, ०.१ च्या वर गेली तर अल्टरनेटर उतरवून डायोड तपासायला द्या. स्वस्त मीटर एसीवर ठेवून बॅटरीला लावला तर कधी कधी अठ्ठावीस-तीस व्होल्ट असला वेडा आकडा दाखवतो, कारण तो डीसीच मोजत असतो. लाल टोकाशी मालिकेत एक मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा, पोलॅरिटी नसलेला कपॅसिटर जोडा, आकडा ताळ्यावर येतो.

एक गोष्ट कधीच करू नका. ‘अल्टरनेटर चांगला आहे का बघू’ म्हणून चालू इंजिनवर बॅटरीचा क्लॅम्प काढू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि प्लेअरच काय, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयूही जाऊ शकतो.

दुरुस्ती, ज्या क्रमाने करायची त्या क्रमाने

बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, दहाचा पाना लागतो. गाडीत एअरबॅग असेल तर त्यानंतर दहा मिनिटं थांबा.

पहिलं काम डिकीत, डॅशबोर्डात नाही. बॅटरीच्या निगेटिव्हची केबल जिथे बॉडीला लागते तो बोल्ट काढा. लग (केबलच्या टोकाची धातूची कडी), पत्रा आणि बोल्टची खालची बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा. रंगाचा एक ठिपकाही राहू देऊ नका. स्टार वॉशर टाकून घट्ट करा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. आधी ग्रीस आणि मग जोड असं नाही, आधी धातूला धातू.

हा जोड पुन्हा पुन्हा का खराब होतो याचं एक कारण फार कमी लोक बघतात. या गाडीला मूळची बॅटरी सीलबंद, एजीएम प्रकारची होती आणि तिच्यातली वाफ बाहेर सोडायला नळी दिलेली होती. नंतरच्या मालकाने साधी पाण्याची बॅटरी ठेवली आणि नळी जोडली नाही, की अॅसिडची वाफ बंद डिकीत कोंडते. अर्थचा बोल्ट तिच्या अगदी जवळ. पांढरी-हिरवी पावडर धरलेली दिसली तर कितीही घासा, सहा महिन्यांत शिट्टी परत येणार. आधी बॅटरी बदला किंवा नळी जोडा. बंद डिकीत हायड्रोजन साठणं हा तर आवाजापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

दुसरं कारण पाणी. कापडी छताच्या मागच्या कडेचं पाणी वाहून जाण्यासाठी सीटबेल्टच्या खांबांजवळ दोन निचऱ्याच्या वाटा असतात. त्यात पाला-माती साचली की पाणी आत उतरतं, कार्पेटखाली मुरतं आणि सगळे अर्थ गंजतात. पातळ, बोथट प्लास्टिकची नळी घालून त्या मोकळ्या करा. ‘प्रत्येक पावसाळ्यानंतर शिट्टी’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

मग बोनेट उघडून इंजिन ते बॉडीची पट्टी त्याच रीतीने साफ करा. तिची तांब्याची वेणी हिरवी पडून ठिसूळ झाली असेल तर साफसफाईच्या नादी न लागता १६ चौरस मिलिमीटरची नवी केबल, दोन्ही टोकांना लग दाबून, टाका.

आता गाडी सुरू करून पुन्हा मोजा. बरीच प्रकरणं इथेच संपतात, डॅशबोर्ड न उघडता.

नाही संपलं, तर डॅशबोर्ड. मधल्या दोन गोल एसी जाळ्या टेप गुंडाळलेल्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरने खटके दाबून बाहेर येतात. त्यांच्या मागे प्रत्येकी एक स्क्रू. खालचे दोन स्क्रू मधल्या कन्सोलच्या आड असतात, म्हणून गिअरची मूठ आणि कन्सोल आधी काढावं लागतं. पॅनल सरळ आपल्याकडे ओढा, पण मागचे स्विचचे आणि लायटरचे कनेक्टर सोडवल्याशिवाय पूर्ण उपसू नका. तीस वर्षांचं प्लास्टिक आहे, थंडीत तर हमखास तडकतं. गाडी उन्हात अर्धा तास उभी करून मगच काम सुरू करावं.

प्लेअरची काळी वायर कुठे गेली आहे ते बघा. तीन चुका नेहमी सापडतात. एक, काळी वायर जुन्या रेडिओच्या कनेक्टरमधल्या बारीक अर्थवर सोडलेली. प्लेअरला ती कशीबशी पुरते, वर काही जोडलं की पुरत नाही. दोन, डॅशबोर्डच्या प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूखाली दाबलेली. प्लास्टिकला कसला अर्थ? तीन, आणि ही सगळ्यात फसवी: दिव्यांच्या वायरला अर्थ समजून जोडलेली. जुन्या जपानी गाड्यांत मीटरच्या दिव्यांचा डिमर बऱ्याचदा निगेटिव्हच्या बाजूला असतो. त्या वायरवर मीटर लावला तर दिवे बंद असताना ती अर्थसारखीच वाटते. ओळखायची खूण सोपी आहे: मीटरच्या दिव्यांचा डिमर फिरवला की शिट्टी बदलते किंवा प्लेअर मंदावतो.

नवा अर्थ असा द्या. २.५ चौरस मिलिमीटरची काळी वायर, ४५ सेंटिमीटरच्या आत. एका टोकाला ६ मिलिमीटरचं गोल थिंबल, क्रिम्पिंग पकडीने दाबलेलं. डॅशबोर्डामागच्या मजबूत लोखंडी ब्रॅकेटवर रंग खरवडून, स्टार वॉशरसह. वायरीला वायर पिळून काळी टेप गुंडाळायची पद्धत कृपया सोडा. उन्हात टेपचा डिंक पाझरतो, जोड उघडा पडतो. दाबलेला जोड आणि त्यावर हीट-श्रिंक, एवढंच.

अँप्लिफायर डिकीतून पुढे आणा

इथे आमचं मत ठाम आहे. बॅटरी डिकीत आहे, तर अँप्लिफायर तिथेच ठेवू, पॉवरची वायर अर्ध्या मीटरात संपेल, असा विचार सगळे करतात. सप्लायच्या हिशेबाने तो बरोबरही आहे. पण त्यामुळे सिग्नलची केबल लांब होते आणि तिची दोन टोकं गाडीच्या दोन वेगळ्या अर्थांवर जातात. आजचे छोटे क्लास-डी अँप्लिफायर तळहाताएवढे असतात. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पुढच्या बाजूला, पायांच्या वरच्या पोकळीत ते बसतात. तिथे आणा. आरसीए एक मीटरच्या आत येते, स्पीकर दारांत आणि काही गाड्यांत डोक्याच्या उशीत असल्याने तेही जवळ, आणि प्लेअर व अँप्लिफायर दोघांचा अर्थ एकाच बोल्टखाली. एकच बोल्ट म्हटल्यावर फरकच उरत नाही.

पॉवरची केबल आता लांब झाली, ते चालतं. १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, सुमारे चार मीटर. ३० अँपिअरला तिच्यात ०.२ व्होल्ट पडतात, अँप्लिफायरला जाणवत नाहीत. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. पुढे अँप्लिफायरजवळ लावलेला फ्यूज मधली केबल घासून शॉर्ट झाली तर वाचवत नाही, आणि आग लागते ती मधल्या केबलमुळेच. तांबं चढवलेल्या अॅल्युमिनियमची केबल घेतली असेल तर एक माप जाड घ्या.

अँप्लिफायर मागेच ठेवायचा असेल तर डिफरन्शियल इनपुटचा, म्हणजे सिग्नलच्या दोन वायरींमधला फक्त फरक मोठा करणारा निवडा. शेवटचा उपाय आरसीएवर ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर, जो गाणं जाऊ देतो पण अर्थ तोडतो. तो शिट्टी मारतो हे खरं, पण स्वस्तातला पन्नास-साठ हर्ट्झखालचा बेसही खातो. आरसीए आणि पॉवर वायर वेगवेगळ्या बाजूंनी न्या, ही सूचना सगळीकडे वाचायला मिळते. पाळा जरूर, पण शिट्टीचं खरं कारण ती शेजारशेजार असणं क्वचितच असतं.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत बॅटरी बोनेटखाली असते. तिथे हाच हिशेब उलटा: प्लेअर बॅटरीजवळ, अँप्लिफायर लांब डिकीत. चाचण्या त्याच, फक्त लांब वायर दुसऱ्या टोकाला लागते.

अँप्लिफायरचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती पट मोठा करतो ते ठरवणारं बटण, तोही बघून घ्या. उघड्या गाडीत वाऱ्याच्या आवाजावर मात करायला लोक अँप्लिफायरचा गेन पूर्ण फिरवतात. गेन वाढला की उरलीसुरली लहरही तितकीच वाढते. प्लेअर त्याच्या तीन चतुर्थांश व्हॉल्यूमवर ठेवा, गेन शून्यापासून चढवत जा, आवाज फाटायच्या आधी थांबा. चार व्होल्टचा आरसीए आउटपुट असलेला प्लेअर दोन व्होल्टवाल्यापेक्षा सहा डेसिबल पुढे असतो, कारण तेवढा गेन कमी लागतो. प्लेअर अजून घ्यायचाच असेल तर हा आकडा बघा, वॅटचा नको.

फोन चार्जिंगला लावला की येणारी शिट्टी

लायटरच्या चार्जरचा निगेटिव्ह एका अर्थवर, ऑक्स केबलचा निगेटिव्ह प्लेअरच्या अर्थवर, आणि मध्ये फोन दोन्ही जोडतो. लूप पूर्ण. फोन प्लेअरच्या स्वतःच्या यूएसबीवर चार्ज करा आणि गाणंही त्याच केबलने द्या. दोन्ही अर्थ एक होतात. ते जमत नसेल तर ब्लूटूथ. ऑक्सवरचा छोटा आयसोलेटर तिसरा पर्याय.

शिट्टीसोबत येणाऱ्या दुसऱ्या तक्रारी

प्रत्येक वेळी गाडी बंद केली की स्टेशनं आणि वेळ पुसली जाते: पिवळी वायर कायम १२ व्होल्टवर हवी, ती चावीच्या वायरवर गेली आहे. पिवळी आणि लाल अदलाबदल करून बघा. जोडणी बरोबर असूनही पुसली जात असेल तर आतला दिवा लागतो का पाहा. फ्यूज पेटीच्या झाकणावर ‘रूम’ असं छापलेला फ्यूज रेडिओची मेमरी आणि आतला दिवा दोन्ही सांभाळतो. तो उडाला की दोन्ही जातात. झाकणावर लिहिलेल्या अँपिअरचाच टाका. स्टार्टर मारताना प्लेअर क्षणभर बंद होणं मात्र साहजिक आहे, त्यात दोष शोधू नका.

बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरते: मियाटाची बॅटरी लहान, सुमारे तीस अँपिअर-तासांची. सगळं बंद करून, दारं लावून, निगेटिव्हच्या मालिकेत मीटर लावा. ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. तेवढ्यावरही ती महिन्याभरात रिकामी होतेच, म्हणून हिवाळाभर उभ्या गाडीला मेंटेनर चार्जर लावतात. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला बारा अँपिअर-तास गेले. बहुतेक वेळा अँप्लिफायर चालू करणारी निळी-पांढरी वायर चुकून कायम सप्लायवर जोडलेली असते.

प्लेअरवर ‘प्रोटेक्ट’ किंवा ‘अँप एरर’: स्पीकरची एखादी वायर पत्र्याला लागली आहे. आधी दाराच्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी बघा, उघडझापेने त्या तिथेच तुटतात. नव्या प्लेअरमध्ये स्पीकरचा निगेटिव्ह कधीही अर्थला जोडायचा नसतो. उशीतले स्पीकर जोडण्याआधी त्यांचा रोध मोजा. समांतर जोडून एका चॅनलवर चार ओहमच्या बराच खाली गेला तर प्लेअर गरम होऊन बंद पडणारच.

एफएम धरत नाही: मोटरवाली अँटेना असेल तर निळी वायर जोडली आहे का पाहा. जपानमधून आयात झालेल्या युनोसमध्ये मागच्या मालकाने अँटेनाच्या वाटेत बँड एक्स्पांडर बसवलेला असू शकतो, कारण जपानी रेडिओ ७६ मेगाहर्ट्झपासून ९० पर्यंतच ऐकायचा. नव्या प्लेअरला तो नको आहे, उलट अडथळा आहे. काढून टाका.

पॅनल परत बसवण्याआधी एकदा, आणि बसवल्यावर पुन्हा एकदा, तेच मोजमाप घ्या: प्लेअरची बॉडी ते बॅटरीची खुंटी, दोन हजार आरपीएम, दिवे चालू. कधी कधी पॅनल ढकलताना काळी वायर चिमटली जाते आणि आकडा ०.०३ वरून ०.१५ वर जातो. आलेला आकडा तारखेसह कागदावर लिहून डिकीत बॅटरीजवळ चिकटवून ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर मोजताना तुलना करायला काहीतरी हाताशी असेल.